कलम १८५, रात्रीचा फोन आणि ते दोन तास

मागच्या डिसेंबरात रात्री एक चाळीसला फोन वाजला. एवढ्या रात्री फोन आला की आधी आईला काहीतरी झालं असंच वाटतं, पण स्क्रीनवर भाच्याचं नाव, आणि पलीकडून एकदम बारीक आवाज, "आत्या, मला पकडलंय." मित्राच्या संगीतवरून परत येत होता, नाकाबंदीत थांबवलं, फुंकायला लावलं. मी विचारलं मशीनवर किती आलं, तर म्हणाला अठ्ठेचाळीस. मी विचारलं कुणाला लागलंय का, कुठे धडक वगैरे, तर नाही. तेव्हा कुठे माझा श्वास खाली बसला. मग तो हळूच म्हणाला, "आत्या, माझ्या मित्राने प्यायलेली नाहीये, तो शेजारच्या सीटवर होता, तो म्हणतोय गाडी मीच चालवत होतो असं सांगतो. सांगू का तसं?"

मी म्हटलं, नाही. अजिबात नाही. लायसन्स दाखव, नाव-पत्ता खरा सांग, परत फुंकायला सांगितलं तर फुंक, स्लिपवर सही करण्याआधी तारीख-वेळ-आकडा नीट वाच आणि मोबाईलमधे फोटो काढून ठेव. पोलिसांशी आवाज चढवू नको. गाडी ते ठेवून घेतील, रिक्षाने घरी जा. आणि मित्राला सांग की गप्प बस, खोटा जबाब देऊन तू याला वाचवणार नाहीस, स्वतःवर नवीन गुन्हा ओढवून घेशील.

मी गेली चौदा वर्षं पुण्यात फौजदारी वकिली करते, आणि त्यातल्या बऱ्याच केसेस ह्याच, ड्रंक अँड ड्राइव्हच्या. थर्टी फर्स्टनंतरच्या आठवड्यात आणि होळीनंतर तर फोन थांबत नाही. आणि फोनवर प्रत्येकाला एकच पाहिजे असतं, "मॅडम काहीतरी ट्रिक सांगा." म्हणून हे लिहितेय, कारण बचाव म्हणजे नक्की काय असतो हे लोकांना माहीतच नाही. लोकांना वाटतं वकील म्हणजे गोष्ट रचून देणारा माणूस. मी गोष्टी रचत नाही, सरकारी बाजूने जो पुरावा आणलाय तो खरंच उभा राहतो का ते तपासते. या दोन कामांत फार मोठं अंतर आहे आणि त्या अंतराबद्दलच मला बोलायचंय.

आधी कायदा काय म्हणतो ते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा, मग तुम्ही सरळ रेषेत चालत असा नाहीतर पाढे म्हणून दाखवा, काही फरक पडत नाही. पहिल्यांदा असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे, त्याआधी पहिल्या वेळचा दंड फक्त दोन हजार होता, त्यामुळे अजूनही काकालोक "दोन हजार भरून मोकळा हो" असा सल्ला देतात. शिवाय १८५ ची पावती जागेवर फाडता येत नाही, ह्या गुन्ह्यात तडजोड नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. नाक्यावर कुणी म्हणत असेल की इथेच मिटवू, तर ते मिटवणं नसतं, ती लाच असते.

आता तीस म्हणजे किती? हा हिशोब मी प्रत्येक क्लायंटला कागदावर करून दाखवते. साधारण सत्तर किलोचा पुरुष धरा. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के. तीस मिलीचा स्मॉल पेग म्हणजे अंदाजे दहा ग्रॅम अल्कोहोल, रक्तात ते वीस-बावीस मिलिग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे एक लार्ज पेग झाला की तुम्ही तिसाच्या वर, एकाच लार्जमधे. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली, साडेसहाशे मिली आणि आठ टक्के, तिच्यात चाळीस ग्रॅमच्या वर अल्कोहोल, आकडा ऐंशीच्या पुढे. आणि शरीर तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम कमी करतं, त्यामुळे ती एक बाटली पिऊन परत तिसाखाली यायला जवळजवळ चार तास. लिंबू, ब्लॅक कॉफी, गार पाण्याने तोंड धुणं, पान खाणं, ह्यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. बायकांच्या बाबतीत तेवढ्याच दारूला आकडा अजून वर जातो. हे सगळं अंदाजाचं गणित आहे, माणसागणिक बदलतं, पण "मॅडम दोनच पेग घेतले होते हो" म्हणणाऱ्याला दोनमधेच आपण कुठे पोचतो ते कळावं म्हणून सांगते.

आता मशीन. ब्रेथ ॲनालायझर रक्त मोजत नाही, श्वास मोजतो आणि त्यावरून रक्ताचा अंदाज काढतो. रक्तातलं आणि फुप्फुसातल्या हवेतलं अल्कोहोल एकवीसशेस एक अशा प्रमाणात धरतात. ठीक आहे, सरासरीला ते चालतं. पण मशीनला हे कळत नाही की आलेलं अल्कोहोल फुप्फुसातून आलंय की तोंडात नुकतंच काहीतरी घेतलं त्याचं आहे. म्हणून फुंकायला लावण्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबणं, त्या वेळात काही खाऊ-पिऊ न देणं, आणि थोड्या वेळाने दुसरं रीडिंग घेणं, हे जगभरात चांगल्या पद्धतीचं मानतात. कलम २०३ मधेच म्हटलंय की एक किंवा जास्त नमुने घेता येतात. आणि मशीन केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या प्रकारचं पाहिजे, हेही त्याच कलमात आहे.

एक केस सांगते, नाव-गाव सगळं वगळून. टेम्पो ड्रायव्हर, पन्नाशीचे, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी आषाढीला वारी. मशीनवर चौतीस. माणूस रडकुंडीला आला होता, म्हणाला, "ताई, मी माळकरी आहे, मी कशाला हात लावू?" मला खरं सांगायचं तर पहिल्यांदा विश्वास बसला नाही, असं म्हणणारे खूप भेटतात. मग मी त्यांना त्या रात्रीचा एक एक मिनिट विचारत बसले. शेवटी निघालं की खोकला होता, वैद्यांनी दशमूलारिष्ट दिलेलं, नाकाबंदीच्या जेमतेम पाच मिनिटं आधी चहाच्या टपरीवर गाडी थांबवून झाकणभर घेतलं होतं. आता आसव-अरिष्टांमधे मुरताना आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर छापलेलं असतं. आठ टक्के धरलं तरी तीस मिलीत दोन ग्रॅमसुद्धा नाही, रक्तात त्याने चार-पाच मिलिग्रॅम फार तर. पण तोंडात ताजं असताना फुंकलं तर मशीन फसू शकतं.

त्या केसमधे मी उलटतपासणीत काही नाटक केलं नाही. हवालदारांना साधे प्रश्न विचारले. थांबवल्यापासून किती मिनिटांनी फुंकायला लावलं? लगेच. औषध वगैरे घेतलंय का विचारलं? नाही. दुसरं रीडिंग? नाही. मशीन शेवटचं कॅलिब्रेट, म्हणजे आकडा बरोबर दाखवतं का ते तपासून, कधी झालं, त्याचं सर्टिफिकेट? माझ्याकडे नाही. आणि ती स्लिप, ती थर्मल कागदावरची, सव्वा वर्षात पूर्ण पांढरी पडली होती, झेरॉक्स कुणी काढून ठेवली नव्हती, आरोपीची सही कुठे आहे तेसुद्धा दिसेना. रक्त तपासायला नेलंच नव्हतं. निर्दोष सुटले. कोर्टाबाहेर त्यांनी पायाला हात लावला तेव्हा मला फार कसंतरी झालं, कारण सव्वा वर्ष हा माणूस गावात तोंड लपवून फिरत होता आणि एक दुसरं रीडिंग दहा मिनिटांनी घेतलं असतं तर त्याच रात्री विषय संपला असता.

पण हेच दशमूलारिष्ट घेऊन पुढच्याच महिन्यात एक जण आला, रीडिंग एकशे बारा. म्हणे आपण पण औषधाचं सांगू. मी म्हटलं, अहो अरिष्टाने तुमच्या रक्तात एवढं यायला बाटलीच्या बाटली प्यावी लागेल, आणि तसं तुम्ही केलं असेल तरी गुन्हा गुन्हाच, कारण कायदा अल्कोहोल म्हणतो, कुठल्या बाटलीतलं ते विचारत नाही. ती केस मी घेतली, पण तो बचाव घेतला नाही. त्याला मी गुन्हा कबूल करायला सांगितलं.

आता रक्ताकडे येते, कारण खरी गंभीर केस, म्हणजे अपघात, जखमी, मृत्यू, तिथे रक्ताच्या नमुन्याला फार वजन असतं. कलम २०२ म्हणतं की १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. हे दोन तास लक्षात ठेवा. दर तासाला पंधरा मिलिग्रॅम जळत असतं, म्हणजे उशीर हा आपोआप आरोपीच्या बाजूने काम करतो. मग घेताना काय बघायचं, तर कातडी पुसायला स्पिरिट वापरलं का, बाटलीत सोडियम फ्लोराइड टाकलं होतं का, कारण ते नसेल तर ठेवलेल्या रक्तात जंतूंमुळे अल्कोहोल नव्यानेच तयार होऊ शकतं, सील कुणी मारलं, लेबलवर वेळ आहे का, बाटली रात्रभर कुठे होती, फ्रीजमधे की मुद्देमालाच्या कपाटात, लॅबला घेऊन कोण गेलं, लॅबने घेताना सील शाबूत असल्याची नोंद केली का. सीए रिपोर्ट, म्हणजे लॅबच्या केमिकल ॲनालायझरचा अहवाल, हा नुसता एक कागद असतो, त्याच्या मागची ही सगळी साखळी जर कडी-कडीने सिद्ध झाली नाही तर तो कागद कुणाच्या रक्ताबद्दल बोलतोय हेच कळत नाही.

वकिलांमधे एक निकाल फार फेकला जातो, बचुभाई करियाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९७१. त्यात म्हटलंय की तोंडाला वास येत होता, चाल अडखळत होती, बोलणं असंबद्ध होतं, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असा पक्का निष्कर्ष काढता येत नाही, लघवी तपासलेली नव्हती आणि रक्ताचा रिपोर्ट कोर्टापुढे आणलाच नव्हता. बरोबर आहे ते. पण ज्युनियर मुलं हा निकाल सगळीकडे लावतात, मशीनचं चोख रीडिंग असलं तरी, आणि तिथे ते चालत नाही कारण आत्ताच्या १८५ मधे ब्रेथ ॲनालायझरची टेस्ट कायद्यानेच धरलेली आहे. बचुभाई कामाला येतो तो जिथे नुसता "वास येत होता" एवढाच पुरावा आहे तिथे. आणि इन्शुरन्सच्या भांडणात तर अजून जपून. २०२१ मधे सर्वोच्च न्यायालयाने इफको टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या निकालात सांगितलं की टेस्ट झाली नव्हती म्हणून विमा कंपनीचं तोंड बंद होत नाही, बाकीच्या परिस्थितीवरूनही ती दारूचा मुद्दा मांडू शकते. त्या केसमधली गाडी पुण्याच्या कल्याणीनगरच्या केससारखी पोर्शच होती, दिल्लीतली, डिसेंबर २००७ चा अपघात.

फुंकायला नकार देणं हा तर सगळ्यात वाईट सल्ला, आणि व्हॉट्सॲपवर तोच सगळ्यात जास्त फिरतो. कलम २०५ वाचा. योग्य कारण न देता नकार दिला तर तो नकारच सरकारी पुराव्याला आधार म्हणून वापरता येतो. शिवाय पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, मग रात्र चौकीत.

आता मी जे सांगणार आहे ते लिहू की नको असा बरेच दिवस विचार केला.

२०११ मधे माझा मावसभाऊ गेला. कामावरून रात्री स्कूटरवर घरी येत होता, मागून कार. मी तेव्हा नुकती सनद घेतलेली, एका सिनियरकडे कारकुनी पडेल ते करत होते. कार चालवणाऱ्याच्या तोंडाला वास येत होता, हे त्याला धरून ठेवणाऱ्या लोकांनी सांगितलं, हवालदाराने सांगितलं, पंचनाम्यात आलं. पण त्याला आधी ड्रेसिंगला नेलं, मग चौकीत बसवलं, मग ड्युटी बदलली, आणि रक्त घेतलं दुसऱ्या दिवशी सकाळी, अकरा तासांनी. अकरा तासांत शरीर दीडशेच्या वर मिलिग्रॅम संपवून टाकतं. रिपोर्ट आला, अल्कोहोल नाही. पाच वर्षांनी निकाल लागला, निष्काळजीपणाबद्दल शिक्षा झाली, सहा महिने, आणि दारूच्या आरोपातून निर्दोष.

निकालपत्र मी आणलं, मावशीच्या घरी बसून वाचलं. त्यात बचुभाई होता. त्यात कलम २०२ चे दोन तास होते. आरोपीच्या वकिलांनी जे मुद्दे मांडले होते ते एक-एक करून मी तपासले, राग होता ना, कुठेतरी चूक सापडावी म्हणून तपासले. एकही चूक नव्हती. त्या न्यायाधीशांच्या जागी मी असते तर मलाही तेच लिहावं लागलं असतं. त्या वकिलांनी खोटा साक्षीदार आणला नव्हता, काही दडवलं नव्हतं, फक्त विचारलं होतं की रक्त कधी घेतलं. मावशी म्हणाली, "म्हणजे तो प्यायलेला नव्हता का?" मी म्हटलं, प्यायला होता गं मावशी, पण वेळेत कुणी बघितलं नाही. त्या वाक्यानंतर ती आत निघून गेली.

लोक मला विचारतात की तुझ्या घरात असं झालंय तरी तू दारुड्यांच्या केसेस कशी लढतेस. मी म्हणते त्यामुळेच. त्या निकालाने मला दाखवलं की माझ्या भावाचा न्याय त्या वकिलाने घालवला नाही, त्या अकरा तासांनी घालवला. आणि अकरा तास कुणी कोर्टात मोजून दाखवलेच नाहीत तर पुढच्याही वेळी अकराच लागतील. टेम्पोवाल्या काकांच्या केसनंतर त्याच चौकीच्या दोन केसेस माझ्याकडे आल्या, दोन्हीत स्लिपची झेरॉक्स जोडलेली होती, एकीत दोन रीडिंग होती. माझ्यामुळेच झालं असा माझा दावा नाही. पण ती झेरॉक्स बघून मला बरं वाटलं, जरी त्या दोन्ही केसेसमधे माझ्या क्लायंटला शिक्षा झाली.

मोठ्या केसेस सगळ्यांना माहीत आहेत पण त्यात बचाव काय होता ते फार कुणी बघत नाही. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात गेले, आठ जखमी. आरोपी ॲलिस्टर परेरा. रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे आपल्या हिशोबात एकशे बारा. खालच्या कोर्टात तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ अ, निष्काळजीपणा, सहा महिने. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध, तीन वर्षं. बचावाचा मुद्दा असा होता की एकाच कृत्याला तुम्ही "त्याला माहीत होतं" आणि "तो निष्काळजी होता" असं दोन्ही कसं म्हणता, हे आरोप एकमेकांना काटतात. मुद्दा हुशारीचा होता, कायद्याचा होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मधे तो ऐकून, तपासून फेटाळला. मला हे आवडतं, हे असंच व्हायला पाहिजे. आता नव्या भारतीय न्याय संहितेत ती कलमं १०५ आणि १०६ झाली आहेत, निष्काळजीपणाची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षं झालीय, पण वाद तोच आहे, एवढी दारू पिऊन स्टिअरिंग हातात घेणाऱ्याला कुणीतरी मरू शकतं हे माहीत असतं की नसतं.

सलमान खानची केस, सप्टेंबर २००२. सेशन्स कोर्टाने मे २०१५ मधे पाच वर्षं दिली, हायकोर्टाने त्याच वर्षी डिसेंबरात निर्दोष सोडलं. त्यावर लोक अजून चिडतात, चिडण्याचं कारण मला समजतं, एक माणूस मेला होता. पण निकाल काढून रक्ताचा भाग वाचा. किती मिली घेतलं आणि लॅबला किती पोचलं, नमुना मधल्या काळात कुठे कसा ठेवला, नेणाऱ्यांची साखळी, ह्या सगळ्यावर बचावाने बोट ठेवलं आणि तिथे सरकारी पक्षाकडे पक्की उत्तरं नव्हती. राज्य सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आणि आमच्या पुण्यातलं कल्याणीनगर, १९ मे २०२४ ची पहाट. दोन तरुण इंजिनियर, मध्य प्रदेशातून इथे नोकरीला आलेले, गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. सुरुवातीला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीसकट जामीन, त्यावर सगळा देश बोलला. पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्या गोष्टीने. पोलिसांचा आरोप असा की रक्ताचा नमुनाच बदलला गेला, मुलाच्या जागी त्याच्या आईचं रक्त, आणि दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळवून बघितल्यावर ते उघडं पडलं. डॉक्टरांना अटक झाली, आईवडिलांना अटक झाली. खटल्यात काय सिद्ध होतं ते कोर्ट बघेल, माझा धंदाच असा आहे की आरोपाला मी निकाल म्हणणार नाही. पण आरोप खरा असेल तर तो बचाव नव्हे. त्या दिवसांत मी कोर्टाच्या कॅन्टीनमधे बसले होते आणि एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "शेवटी तुम्ही वकील पण तेच करता ना, रक्ताचा रिपोर्ट उडवता." मी चहा तसाच ठेवून उठले. नाही हो. सील तुटलेलं दिसलं तर मी कोर्टाला सील दाखवते. सील तोडत नाही. "मी चालवत नव्हतो, ड्रायव्हर चालवत होता" हे खरं असेल तर तो सगळ्यात भक्कम बचाव आहे, कारण १८५ चालवणाऱ्याला किंवा चालवायचा प्रयत्न करणाऱ्याला लागतं, गाडी बंद करून मागच्या सीटवर झोपलेल्याला नाही. पण पगार देऊन एखाद्या गरिबाला त्या सीटवर बसवणं, हे मी करणार नाही, आणि असं करायला सांगणारे क्लायंट मी परत पाठवलेत, त्यातले दोघे नातेवाईकच होते.

आता गुन्हा कबूल करण्याबद्दल, कारण प्रत्यक्षात माझ्या बहुतेक १८५ च्या केसेस तिथेच संपतात आणि त्याबद्दल कुणीच नीट बोलत नाही. कोर्टात पहिल्या तारखेला भलीमोठी रांग असते, लोक हाफ डे टाकून आलेले, बाहेर कुणीतरी सांगतं की कबूल म्हणा, दंड भरा, तासाभरात मोकळे. मोकळे होत नाही तुम्ही. ती शिक्षा आहे, रेकॉर्डवर राहते. आणि कलम २० म्हणतं की १८५ मधे दोषी ठरलात की कोर्टाने तुम्हाला लायसन्ससाठी किमान सहा महिने अपात्र ठरवायचं. ऑफिसला जाणारा माणूस सहा महिने बसने जाईल. पण रिक्षावाला, कॅबवाला, स्कूलव्हॅनवाला? त्याचं घर त्या लायसन्सवर चालतं. मी एकाला ओळखते, ओलाची कॅब चालवायचा, वकील न करता कबूल केलं, दंड उसना घेऊन भरला, आणि लायसन्सचं त्याला कोर्टात उभं असताना कळलं. त्याची चूक होतीच, दारू पिऊन प्रवासी गाडी काढली होती. पण काय कबूल करतोय हे कळून कबूल करायचा त्याचा हक्क होता. म्हणून मी म्हणते, कबूल करायचं असेल तरी आधी कागद बघा, स्लिप बघा, वेळ बघा, मग ठरवा. आणि पुरावा चोख असेल तर उगाच तीन वर्षं तारखा ओढू नका, सरळ उभं राहून सांगा की चूक झाली, पहिलीच वेळ आहे, कुणाला इजा नाही, घरची परिस्थिती अशी आहे. न्यायाधीश ऐकतात. रोज खोटं ऐकणाऱ्या माणसाला खरं लगेच ओळखू येतं.

भाच्याचं तेच केलं. मी आधी कागद तपासले, घरचा म्हणून सूट नाही आणि घरचा म्हणून जास्त कडक पण नाही, जसे कुणाचेही तपासते तसे. थांबवल्याची वेळ आणि पहिल्या रीडिंगमधे अठरा मिनिटं, दुसरं रीडिंग पाच मिनिटांनी, सत्तेचाळीस. कॅलिब्रेशनचा कागद जोडलेला. स्लिपवर त्याची सही, झेरॉक्स सोबत. कुठेही भोक नव्हतं. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिला वाटत होतं आत्या वकील असून पोराला सोडवत नाही, तिने दादाकरवी "काही सेटिंग होतं का बघ" असा निरोपही पाठवला. मी दादाला म्हटलं, अरे आपण मावशीच्या घरी कुठल्या तोंडाने जाणार मग? दादा गप्प बसला. कोर्टात भाच्याने स्वतः तोंडाने सांगितलं. दहा हजार दंड, सहा महिने लायसन्स नाही. आता पीएमटीने ऑफिसला जातो, दोन बस बदलून.

मावशीला आम्ही सांगणार नव्हतो. पण नात्यात काय लपतं. तिनेच फोन केला, इकडचं तिकडचं विचारलं, पाऊस कसाय, गुडघा कसाय. मग मधेच थांबून म्हणाली, "पोराचं रक्त घेतलं का गं दोन तासांत?"

मी म्हटलं, रक्त नाही घेतलं मावशी, मशीनवर लगेच बघितलं, दोनदा बघितलं, सगळं लिहून ठेवलंय.

"मग बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.